चुकांचा बडग्या

मारोतराव बोंदरे सरांच्या खिशात दोन पेन असत. निळा हजेरीपुरता, आणि लाल बाकी सगळ्या कामांना. नागपुरातल्या जागनाथ बुधवारीच्या मागच्या गल्लीतल्या त्या एकाच शाळेत त्यांनी पस्तीस वर्षं गणित शिकवलं, आणि पस्तीस वर्षांत फळ्यावर आपल्या हातून एकही चूक झाली नाही, असं ते छातीवर हात ठेवून सांगत. आता खरंखोटं करणार कोण? ज्यांनी करायचं ते पोट्टे सरांची चप्पल जिन्यात वाजली की पुस्तकात तोंड खुपसून बसत.

या शालेय वर्षाच्या शेवटी सर रिटायर होणार होते. दहावी आधीच गार्गी मॅडमकडे गेली होती, मागोमाग नववी गेली. गार्गी मॅडम वयानं सरांच्या लेकीएवढ्या, पण कामाला वाघीण. सरांकडे उरली फक्त आठवी, एकतीस पोट्ट्यांची. त्या एकतीस जणांवर सरांचा भारी जीव होता. पोट्ट्यांना मात्र त्याचा पत्ता नव्हता, कारण सरांनी तो लागूच दिला नव्हता.

आणि नेमकी त्याच आठवीनं सरांच्या तोंडाला काळं फासलं. घातांकांवर वीस गुणांची सराव चाचणी घेतली, एकतीसपैकी सव्वीस नापास.

पेपर तपासताना सरांचा पारा चढत गेला तो उतरेचना. दोनाचा तिसरा घात किती? दोन गुणिले तीन, सहा! अरे, तीन वेळा दोन मांडून गुणायचे, दोन दुणे चार, चार दुणे आठ, एवढं सोपं! दोनाचा घात शून्य असेल तर किंमत किती? शून्य, म्हणे. दोनाचा तिसरा घात गुणिले दोनाचा चौथा घात, इथं घातांकांची बेरीज करायची, तर पोट्ट्यांनी केला गुणाकार आणि दोनाचा बारावा घात करून मोकळे झाले. तीन अधिक चार कंसात, बाहेर वर्ग. कंस सोडवून सातचा वर्ग एकोणपन्नास करायचा सोडून त्यांनी नऊ आणि सोळा पंचवीस केले. एकानं तर घातांक ऋण दिसला म्हणून उत्तरच ऋण लिहून टाकलं. सर लाल रेघा मारत गेले, मारत गेले, आणि शेवटच्या पेपरापर्यंत पेनाची शाई संपत आली.

"याच चुका यांच्या मायबापानं केल्या होत्या माझ्याच वर्गात," ते पंचफुलाबाईंना म्हणाले. पंचफुलाबाई म्हणजे सरांच्या सौभाग्यवती. त्या पोळ्याच्या पुरणाची डाळ निवडत होत्या.

"मंग पस्तीस वर्षं तुमी काय शिकवून राहिले?" त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका कौसल्या गजभिये मॅडमनी त्यांना बोलावून घेतलं. मॅडमचं बोलणं थोडक्यात असे.

"सर, पोळ्यानंतरच्या सोमवारी घटक चाचणी आहे. पेपर गार्गी मॅडम काढतील, तपासतीलही त्याच. अर्धा वर्ग पास झाला तर आठवी तुमच्याचकडे राहील. नाही झाला, तर मी ती मॅडमना देईन."

"माझं शेवटचं वर्ष आहे, मॅडम."

"पोरांचं आठवीचं तर पहिलंच आहे ना." मग त्या म्हणाल्या, "अजून एक सांगते, राग मानू नका. मी तुमच्या वर्गाच्या दारातून तीन वेळा गेले. एकदाही कोणाचा हात वर दिसला नाही."

"शिस्त आहे."

"असेल. मले ती भीती वाटली."

सर बाहेर आले ते कान लाल करून. आयुष्यभर हजेरीपटावर ज्याच्यापुढं 'गणित' लिहिलं गेलं, त्या माणसानं शेवटचे सहा महिने काय चित्रकलेचा तास घ्यायचा? रिकाम्या वर्गात खडूचा डबा घेऊन बसायचं?

त्याच तिरमिरीत ते आठवीत गेले आणि पेपर वाटायला सुरुवात केली. वाटले कसले, फेकलेच.

"वैभवी पराते. वीसपैकी सहा. सातावर पास, आणि तू सहा! तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती."

वैभवी दुसऱ्या बाकावरची, अबोल, मोत्यासारख्या अक्षराची पोरगी. ती पेपर घेऊन जागेवर गेली, बराच वेळ एका गणिताकडं पाहत राहिली, आणि मग जे त्या वर्गात कोणी करत नसे ते तिनं केलं. हात वर केला.

"सर, यात कंस नाही ना..."

"फळ्याकडं पाह!" सर गरजले. "ऋण संख्येचा सम घात धन. नियम आहे. दहादा लिहून आण."

हात खाली आला. सर वर्गाकडं वळले आणि त्यांचा बांध फुटला. "काहून करता रे याच याच चुका? कुठून आणता? अरे, या चुका मारबतीसंगं एकदाच्या निघून गेल्या ना, तर अख्खं नागपूर सुखी होईल!"

मागच्या बाकावरून ऋषिकेश हेडाऊ उठून उभा राहिला. हा वर्गातला सगळ्यात दांडगा पोट्टा, अभ्यासात जेमतेम, पण बांबू, सुतळी, कागद चिकटवायची चिकी हातात दिली की कशाचंही काहीही करून देणारा.

"सर, मंग धाडू ना. यंदा आपण चुकांचाच बडग्या करू."

वर्ग खुदकन हसला आणि लगेच सगळ्यांच्या माना खाली गेल्या.

मारबत म्हणजे काय ते नागपूरकराला सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगून टाकतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथं काळी आणि पिवळी अशा दोन मारबतींचे थोरले पुतळे वाजतगाजत निघतात. त्यांच्यासोबत मोहल्ल्यामोहल्ल्याचे बडगे, म्हणजे बाप्या पुतळे. वर्षभरात ज्याचा ज्याचा जाच झाला, रोगराई असो, महागाई असो, डास असोत की रस्त्यातले खड्डे, ते सगळं त्यांच्या अंगावर लिहायचं, "घेऊन जा गे मारबत!" म्हणून बोंब ठोकायची, आणि शेवटी नेऊन जाळायचं. लाखभर माणूस रस्त्यावर असतं. आता महागाई जळते की नाही ते ज्याचं त्यानं पाहावं, पण बोंब मारून छाती हलकी होते हे मात्र खरं.

सर रागावणार होते. पण त्यांना वाटलं, या निमित्तानं प्रत्येक जण आपली चूक आणखी एकदा लिहील तरी. "करा," ते म्हणाले. "पण प्रत्येकानं स्वतःचीच चूक लिहायची. पेपरात जिथं माझी लाल फुली आहे तीच. दुसऱ्याची उणीदुणी काढाल तर गाठ माझ्याशी आहे."

दोन दिवस ऋषिकेशच्या अंगणात नुसता धुमाकूळ चालला. बांबूच्या कमच्यांचा सांगाडा झाला, पोटात सराव चाचणीचे कच्चे कागद भरले गेले, डोक्याला मडकं आलं. काकाचा धड पायजमा फाटका म्हणून आणला, त्याबद्दल ऋषिकेशनं पाठीत दोन धपाटेही खाल्ले. गळ्यात तुटक्या चपलांची माळ, छातीवर पाटी: 'घातांकराव चुकीवाले'. ती पाटी वैभवीनं रंगवली. आणि मग डोक्यापासून पायापर्यंत चिठ्ठ्या. एकेका पोट्ट्याची एकेक चूक, सुतळीनं बांधलेली.

एक पोट्टा पोळ्याला मामाकडं सावनेरला गेला होता. बाकी तीसच्या तीस जण मारबतीच्या सकाळी हजर झाले. सरही आले. सहज आलो म्हणाले, पण डोक्यावर टोपी आणि खिशात दोन्ही पेन होते.

मिरवणुकीत घातांकराव शिरला आणि सुरुवातीला पोट्ट्यांनी नुसता गोंधळ घातला. "दोनाचा घन सहाssss!" ऋषिकेश ओरडे, आणि बाकीचे, "घेऊन जा गे मारबत!" लोक हसत, फोटो काढत, पुढं जात. पण इतवारी बाजाराकडं वळल्यावर गर्दी तुंबली. बडग्या एका कापड दुकानाच्या पायरीसमोर अडकला. पायरीवर दुकानाचे मालक मुकुंदभाऊ खांद्यावर दुपट्टा टाकून उभे होते. त्यांनी चिठ्ठ्या वाचायला सुरुवात केली.

"अबे, हे काय लिहिलं? दोनाचा घात शून्य, उत्तर शून्य. बरोबर तर हाय. शून्य वेळा दोन म्हणजे काहीच नाही."

"नाही भाऊ, एक येते," ऋषिकेश म्हणाला.

"काहून?"

"नियमच हाय तसा."

"कोणाचा नियम? महानगरपालिकेचा?"

पायरीवरची चारपाच माणसं खो खो हसली. ऋषिकेशचं तोंड एवढंसं झालं. त्यानं सरांकडं पाहिलं. सरांनी तोंड उघडलं, आणि त्यांच्या ध्यानात आलं की आपल्यालाही हेच उत्तर येतं: नियम आहे. दुकानदाराला काय दहादा लिहायला लावणार?

तेवढ्यात ऋषिकेशची नजर मुकुंदभाऊंच्या खांद्यावर गेली. "भाऊ, दुपट्टा द्या बरं जरा." त्यानं दुपट्टा पायरीवर पसरला. "एक घडी घातली. किती पदर झाले?"

"दोन."

"अजून एक घडी?"

"चार."

"अजून एक?"

"आठ. अरे बापा, कपड्याचा धंदा माझा हाय, तू काय मले घड्या शिकवून राहिला!"

"मंग तीन घड्या, आठ पदर. दोनाचा तिसरा घात आठ. सहा नाही." ऋषिकेशला आता जोर चढला होता. त्यानं दुपट्टा फडकन झटकून मोकळा केला. "आता एकही घडी नाही. शून्य घडी. किती पदर?"

मुकुंदभाऊ बोलायला गेले आणि थांबले. "एक," ते म्हणाले. "हात् तेरी! एक!"

"तेच तर म्हणून राहिलो भाऊ! घडी नाही घातली म्हणून दुपट्टा गायब थोडीच होते!"

पायरीवर टाळ्या पडल्या. मुकुंदभाऊंना मग गोडी लागली. दुसरी चिठ्ठी वाचून त्यांनी विचारलं, "हे तिसरा घात गुणिले चौथा घात कसं?" पोट्ट्यांनी दुपट्ट्याला आधी तीन घड्या घातल्या, मग वर आणखी चार घालायला गेले. सातव्या घडीला दुपट्टा ऐकेना, तिघं जण त्यावर बसले. "तीन न् चार सात घड्या होतात, बारा कुठून आणता?" एक पोट्टी ओरडली. ही तीच पोट्टी, जिनं पेपरात बारा लिहिले होते.

बोंदरे सर मागं उभे राहून पाहत होते. पस्तीस वर्षं घातांक शिकवले, पण घडी कधी घातली नाही. त्यांना एकाच वेळी अभिमानही वाटला आणि ओशाळल्यासारखंही झालं. हे पोट्टे मुके नव्हते. त्यांना बोलायला फक्त कोणीतरी 'काहून' म्हणणारं हवं होतं.

मग काय, तोच खेळ सुरू झाला. दर वीस पावलांवर कोणीतरी विचारी आणि कोणीतरी समजावी. नाल वाजवणारा विचारी, पोलीस विचारी, कडेवर लेकरू घेतलेली बाई विचारी. ज्याची चूक, त्यानंच उत्तर द्यायचं असं आपोआप ठरून गेलं. एका पोट्ट्यानं सातच्या वर्गासाठी सात-सात टिंबांच्या सात रांगा खडूनं रस्त्यावर मांडून दाखवल्या आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या बडग्यानं त्या पुसून टाकल्या. घसे बसले, पण कोणी थांबेना.

चौकाच्या अलीकडं रुखमाबाईंची फुटाण्यांची गाडी होती. बाई साठीच्या, तोंडानं फटकळ. त्यांनी घातांकरावाच्या उजव्या हाताला लटकलेली चिठ्ठी ओढून पाहिली. अक्षर मोत्यासारखं होतं. −2⁴ = −16.

"हे कोणाचं वं?"

"माझं," वैभवी पुढं आली.

"मंग सांग बाई, यात काय चुकलं? मले काही शाळा नाही, पण समजावलं तर समजते."

सकाळपासून वैभवीनं इतरांना ऐकलं होतं, स्वतः बोलली नव्हती. ती हळूहळू सांगू लागली. "हे दोन आहेत. यांच्या डोक्यावर छोटा चार बसला आहे. म्हणजे चार वेळा दोन मांडायचे आणि गुणायचे. दोन दुणे चार, चार दुणे आठ, आठ दुणे सोळा."

"बरं."

"आणि दोनाच्या आधी ही आडवी रेघ आहे. वजा. आता चार ज्याच्या डोक्यावर बसला त्यालाच लागू. तो बसला आहे फक्त दोनाच्या डोक्यावर. दोघांभोवती कंस असता, तर वजाही आत आली असती, मग तीही चार वेळा घ्यावी लागली असती, आणि उत्तर धन सोळा आलं असतं. पण कंस..."

ती थांबली. चिठ्ठीकडं पाहत राहिली.

"पण कंस काय?" रुखमाबाई म्हणाल्या.

"कंस नाहीच आहे. म्हणजे आधी सोळा, आणि वजा बाहेर तशीच. म्हणजे उत्तर वजा सोळा." तिनं मान वर केली. आवाज एकदम बारीक झाला. "सर... हे तर बरोबर आहे."

ताशा वाजत होता, कुठंतरी शिंग फुंकत होते, पण घातांकरावाभोवतीचे तीस पोट्टे चिडीचूप झाले. सरांचं चुकलं असं त्या शाळेत कोणी मनातसुद्धा म्हटलं नव्हतं. आणि सरांना दिसलं, फुटाण्याच्या गाडीच्या पलीकडं गार्गी मॅडम उभ्या आहेत. आपल्या भाच्याला मारबत दाखवायला आल्या होत्या. हातात मोबाइल होता आणि चित्रण चालू होतं.

सरांनी चिठ्ठी हातात घेतली. चष्मा कपाळावर सरकवला, परत खाली घेतला. कंस नव्हता. त्यांना तो पेपर आठवला. सम घात दिसला, ऋणचिन्ह दिसलं, आणि पस्तीस वर्षांच्या सवयीनं पेनानं फुली मारली. डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं. ज्या पोट्ट्यांनी धन सोळा लिहिले त्यांना बरोबरची खूण देऊन टाकली, आणि जिचं एकटीचं बरोबर, तिला नापास केलं. वर तिनं विचारलं, तर तिच्यावर ओरडलो. दहादा लिहून आण म्हणालो.

हे सगळं एका क्षणात झालं, आणि त्याच क्षणात दुसराही विचार मनात येऊन गेला, खोटं कशाला बोला. 'उद्या वर्गात पाहू' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मिरवणूक पुढं सरकलीच असती. सोमवारी चाचणी, समोर गार्गी मॅडम, हातात मोबाइल, संध्याकाळपर्यंत शाळेच्या ग्रुपवर: बोंदरे सरांनाच घातांक येत नाहीत. आठवी हातची गेली म्हणूनच समजा.

पण वैभवी त्यांच्याकडं पाहत होती. ती भांडत नव्हती, जिंकलीही नव्हती. ती नुसती वाट पाहत होती, की सर जे म्हणतील ते खरं धरायचं. सर म्हणाले असते चूक, तर ती पोरगी आपलं बरोबर उत्तर जन्मभर चूक समजून बसली असती. सरांना ते सहन झालं नाही.

"वैभवी," ते म्हणाले, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुझं बरोबर आहे. मी चुकलो."

"काय म्हणाले?" मागून कोणीतरी विचारलं.

"सर चुकले म्हणे!" रुखमाबाईंनी ताशाच्या वर आवाज काढून चौकाला कळवलं.

ऋषिकेशनं डोकं खाजवलं. "सर, मंग आमी जे धन सोळा लिहिले, त्याचे मार्क कटतील का?"

"कटतील."

"अरे देवा!" ऋषिकेश म्हणाला, आणि गर्दीत हशा पिकला. सर स्वतःही हसले, आणि ते पाहून पोट्ट्यांच्या जिवात जीव आला.

"सर, ही चिठ्ठी काढू मंग?"

"काढ. तिच्या घरी जाऊ दे ती. आणि एक कोरा कागद दे." सरांनी खिशातून लाल पेन काढला. फुटाण्याच्या गाडीवर कागद ठेवून त्यांनी लिहिलं, मोठ्या अक्षरात, फळ्यावर लिहीत तसं: 'मारोतराव बोंदरे. कंस नसताना कंस पाहिला. पोरगी विचारत होती, तिला बोलू दिलं नाही.' आणि आपल्या हातानं घातांकरावाच्या उजव्या हाताला बांधलं.

आता घोषणा द्यायची वेळ आली, पण कोणाच्या तोंडून शब्द फुटेना. सरांच्या नावानं बोंब कशी ठोकायची? एकमेकांकडं बघत सगळे ताटकळले. तेव्हा सरांनीच दोन्ही हात वर केले. "बोंदरे सरांची चूकsss!"

"घेऊन जा गे मारबत!" असा काही गजर झाला की पुढच्या बडग्याची माणसं मागं वळून पाहू लागली. रुखमाबाईंनी ओंजळभर फुटाणे वैभवीच्या ओढणीत टाकले. "शाबास वं माय," त्या म्हणाल्या. "मास्तरलेही शिकवलं तू."

सर घरी पोचले तेव्हा अंगभर गुलाल होता आणि घसा पार बसला होता. पंचफुलाबाईंच्या हातात मोबाइल होता. चित्रण त्यांच्यापर्यंत आधीच येऊन पोचलं होतं.

"अख्ख्या गावानं पाह्यलं तुमाले," त्या म्हणाल्या.

"पाहू दे."

"तेहतीस वर्षं झाली लग्नाले. मले एकदा तरी म्हणाले का, 'मी चुकलो'?"

"तू कधी समजावूनच सांगितलं नाही," सर म्हणाले. त्यावर बाईंनी लाटणं दाखवलं, आणि मग दोघंही हसत सुटले. सोमवार मात्र काही टळणार नव्हता.

सोमवारी चाचणी झाली. पेपर गार्गी मॅडमनी पोळ्याच्या आधीच काढून पाकिटात बंद करून ठेवला होता, त्यामुळं कोणाला वशिला लावायला जागा नव्हती. सर दिवसभर व्हरांड्यात येरझारा घालत राहिले. गार्गी मॅडमकडं पाहायचंही त्यांनी टाळलं. मंगळवारचा तास त्यांनी घेतला खरा, पण फळ्यावर काय लिहितोय याकडं त्यांचं लक्ष नव्हतं. दोनदा पोट्ट्यांनी हात वर करून चूक दाखवली. त्यातली एक खरी होती. दुसऱ्या वेळी पोट्टाच चुकला होता, आणि सरांनी त्याला फळ्याजवळ बोलावून विचारलं, "काहून, सांग बरं." त्यात अर्धा तास गेला.

बुधवारी मधल्या सुट्टीत कौसल्या मॅडमनी बोलावलं. आत गार्गी मॅडमही बसल्या होत्या. टेबलावर आठवीचा गठ्ठा होता, आणि शेजारी नवीन वेळापत्रकाचा कागद. सरांची नजर गठ्ठ्यावर न जाता त्या कागदावरच गेली.

"तेवीस पास," कौसल्या मॅडम म्हणाल्या.

सरांनी खुर्चीची पाठ धरली. "तेवीस?"

"तेवीस. मी दोनदा मोजले." मॅडमनी वेळापत्रकाचा कागद उचलून खणात टाकला. "पण मी त्यासाठी नाही बोलावलं. गार्गी मॅडम, ते सांगा."

गार्गी मॅडमनी गठ्ठा पुढं सरकवला. "सर, मी मुद्दाम एक गणित अवघड घातलं होतं. ऋण तीनचा वर्ग, कंसाशिवाय. मी हे नववीला, दहावीला विचारते, दरवर्षी अर्धा वर्ग फसतो. तुमच्या एकतीसपैकी तिसांनी वजा नऊ लिहिलंय. एकच चुकला, तो पोळ्याला सावनेरला गेला होता म्हणे." त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती. "मला नववीला शिकवायचं आहे. तुम्ही हे शिकवलं कसं?"

सरांनी खिशातल्या लाल पेनाला हात लावला आणि हात तसाच मागं घेतला. बाहेर मैदानात आठवीचे पोट्टे कशावरून तरी कचाकचा भांडत होते, आणि त्यात वैभवीचा आवाज सगळ्यांत वर होता.

"शिकवलं नाही, मॅडम," सर म्हणाले. "मी त्यांच्यासमोर चुकलो."